चांदीची डबी

"हे कुणाचं घातलंस माझ्या गळ्यात?"

कल्याणप्पांनी गळ्यातली चांदीची डबी दोन बोटांत लांब धरली होती. महानंदाने नुकतीच चिमणी लावली होती, हातातली काडी अजून विझायची होती. खंडोबाच्या देवळातला नगारासुद्धा वाजला नव्हता. आज लवकरच सुरू झालं, एवढंच तिच्या मनात आलं.

"तुमचंच हाय की, मामा."

"माझं न्हाय. माझं मला कळत न्हाय व्हय? माझं लिंग कुठं ठिवलंस? चोरटे, बोल की."

महानंदा त्यांची सून. लग्न होऊन अणदुरात आली त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत सासरा तिला वावगा शब्द बोलला नव्हता. 'चोरटे' हे चैत्रापासूनचं, आणि तेही फक्त दिवेलागणीनंतरचं. सकाळी हाच माणूस आंघोळ करून, कपाळावर भस्माची तीन बोटं ओढून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचा. पूजा झाली की न्याहारी आणणाऱ्या सुनेला विचारायचा, "पोरी, तू खाल्लंस का?" त्या घरात हे विचारणारा तो एकटाच होता.

कल्याणप्पांनी चाळीस वर्षं कापड विकलं. तट्टावर गठ्ठे लादून अणदूर, जळकोट, नळदुर्ग, पार मुरूमपर्यंतचे बाजार केले. सोलापूरहून माल आणताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर विचारायच्या आधी स्वतःच एकेक ठाण उलगडून दाखवायचे. मागचे गाडीवाले खोळंबून शिव्या द्यायचे, तर हे म्हणायचे, "घाई आसंल त्येनं म्होरं व्हावं." आता दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, कापड कंट्रोलमध्ये, म्हणजे रेशनवर, गेलं होतं, तट्टू विकलं होतं आणि मुलगा मल्लिनाथ नळदुर्गाच्या कंट्रोलच्या दुकानात दुसऱ्याचं कापड गजाने मोजत होता. तो घरी यायचा ते दिवे लागून बराच वेळ झाल्यावर. तोवर घरात सासरा आणि सून, दोघंच.

उन्हं उतरली की कल्याणप्पांचा जीव वरखाली व्हायचा. आधी धोतराच्या घड्या. घालायच्या, मोडायच्या, हाताने मापायच्या. मग दारापर्यंत चकरा. "घरी जायचं हाय, उशीर झाला," म्हणून स्वतःच्याच घरातून बाहेर पडू बघायचे. भिंतीवर आपली सावली दिसली की तिला म्हणायचे, "बाजार उठला, जावा आता." महानंदाला त्याची सवय झाली होती. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची, या लिंगाच्या हरवण्याची.

लिंगायताच्या गळ्यात लहानपणी गुरू लिंग बांधतो, डबीत नाहीतर साध्या कापडात. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. मेल्यावर ते डाव्या तळहातावर ठेवतात आणि ते माणसाबरोबर मातीत जातं. मध्येच हरवलं, तर सापडेपर्यंत तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणाला पाळावं लागत नाही, कारण कुणाचं हरवत नाही. कल्याणप्पांचं रोज संध्याकाळी हरवत होतं.

आणि त्यांनी जन्मात कुठला नियम मोडला नव्हता. भ्रम झाला म्हणून काय झालं, हरवलं म्हणजे जेवायचं नाही, हे पक्कं. समोरचं ताट ते पायाने नाही सारायचे, हातानेच बाजूला करायचे. सकाळी खायचे ते अर्धी भाकरी. बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या.

महानंदाने बायकी युक्त्या करून पाहिल्या. डबी आत नेऊन, पदराने पुसून परत आणायची आणि म्हणायचं, "सापडलं बगा, मामा. देवळीत हुतं." आठ दिवस ती मात्रा चालली. नवव्या दिवशी त्यांनी डबी चाचपली आणि म्हणाले, "ही चांदी हाय. मला काय कळत न्हाय वाटतं?"

आजही तेच. ती ताट ठेवायला वाकली तेव्हा त्यांचा हात एकाएकी तिच्या गळ्यापाशी आला. तिच्या गळ्यातलं लिंग कापडात बांधलेलं होतं. ती गरिबाघरची, तिच्याकडे चांदी कधी नव्हतीच. त्यांनी ती पुरचुंडी मुठीत धरली आणि हिसडा दिला. दोरा तुटला.

असं कुणाचं कधी झालेलं महानंदाने ऐकलंसुद्धा नव्हतं.

कल्याणप्पांनी पुरचुंडी चिमणीच्या उजेडात धरली, अंगठ्याने दाबून पाहिली, कपाळाला लावली. त्यांचे डोळे भरून आले.

"हेच. हे बग, हेच की. कुठं पडलं हुतं गं अव्वा?"

अव्वा म्हणजे आई. त्यांनी तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारली, लिंग गळ्यात बांधलं आणि चांदीची डबी काढून तिच्या हातात दिली, वाटेत सापडलेली वस्तू द्यावी तशी. "ही ज्येची आसंल त्येला देऊन टाक. आपल्याला नगं दुसऱ्याचं." मग ताट ओढलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, अंबाडीची भाजी परत मागून घेतली.

महानंदा एका हातात डबी आणि दुसरा हात मोकळ्या गळ्यावर घेऊन उभी होती. डबी खाली ठेवता येत नव्हती, लिंग जमिनीवर ठेवत नाहीत. शेवटी तिने ती स्वतःच्या गळ्यात अडकवली. पण दुसऱ्याच्या लिंगावर आपली पूजा होत नाही, आणि पूजेशिवाय जेवण नाही. त्या दिवशी ती उपाशी निजली. पहाटे दळायला उठली तेव्हा सासरा गाढ झोपेत होता. तिने हलक्या हाताने गाठ सोडून आपलं लिंग घेतलं आणि डबी त्यांच्या गळ्यात घातली.

सकाळी न्याहारी ठेवताना तिने सहज विचारल्यासारखं केलं, "मामा, ही डबी पहिल्यापास्नं हाय का हो?"

"न्हाय गं. लहानपणी कापडातच हुतं. अव्वानं आपल्या लुगड्याच्या काठाचा तुकडा फाडून बांधलं हुतं." ते हसले. "ही तुझ्या सासूनं केली. धंद्याचा जरा जम बसला तवा नीलव्वानं पायातले वाळे मोडले आन् म्हणली, आता बाजारात चार मान्सांत बसता, कापडात नगं."

महानंदाला सगळं कळलं. संध्याकाळी ते वेडे होत नव्हते, लहान होत होते. आणि त्या लहान मुलाच्या गळ्यात चांदी नव्हती.

"मग पुन्ना कापडात बांधूया का? तुमच्या हातानं. डबी जपून ठिवते."

"नीलव्वाची चांदी म्या काढू?" कल्याणप्पांनी डबीवर तळहात ठेवला. "जीव गेला तरी काढणार न्हाय. ती माझ्याबरुबरच जाईल."

तेव्हा हा मार्ग बंद झाला. सकाळचा माणूस डबी उघडणार नाही, संध्याकाळचा ओळखणार नाही. आपणच गुपचूप उघडावी, हे तिच्या मनात येऊन गेलं, नाही असं नाही. पण दुसऱ्याची डबी उघडून लिंगाला हात लावायचा ही चोरी झाली. आपलं द्यायचं यात चोरी कुठे आहे? नुकसान झालं तर आपलंच. तिने आपल्या मनाशी असा हिशेब बसवला. तो धर्माला धरून होता की नाही, हे विचारायला ती कुणाकडे गेली नाही.

आषाढ असाच गेला. दिवे लागले की कल्याणप्पांचा हात गळ्याशी जायचा, चाचपायचा, आणि त्यांनी 'चोरटे' म्हणायच्या आत महानंदा आपलं लिंग काढून त्यांच्या गळ्यात बांधायची. "अव्वा, भूक लागली," ते म्हणायचे. ते जेवायचे, ती नाही. मल्लिनाथ वाईट माणूस नव्हता. पण तो येऊन जेवायचा आणि आडवा व्हायचा. बायका मागून जेवतात, त्या जेवतात की नाही ते कोण बघतो?

पंचमीला शांताक्का आली. कल्याणप्पांची लेक, जळकोटला दिलेली, बोलायला फटकळ आणि बापावर जीव टाकणारी. दुपारी बापलेकीच्या भरपूर गप्पा झाल्या. "अप्पा तर चांगले खडखडीत हायेत. मल्ली उगंच निरोप धाडतो, भ्रम झाला म्हणून," असं ती म्हणाली आणि झोके खेळायला शेजारच्या बायकांबरोबर गेली. परत आली ती नेमकी दिवेलागणीला.

कल्याणप्पा जेवत होते. त्यांच्या गळ्यात डबी नव्हती. ती महानंदाच्या गळ्यात लोंबत होती.

"अप्पा, तुमची डबी कुठं?"

"कसली डबी?" कल्याणप्पा घास गिळत म्हणाले. "ह्या घरात लई चोऱ्या व्हतात, बाई. तुमी कुणाकडच्या?"

शांताक्काने बापाचं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. तिला फक्त वहिनीच्या गळ्यातली चांदी दिसत होती.

"वैनी, माझ्या आईचे वाळे हायेत ते. म्हाताऱ्याला कळत न्हाय म्हणून त्येच्या गळ्यातलं लिंग उतरवलंस? लिंग?"

"अक्का, हळू. सकाळी सांगते. त्येंचं जेवण हूं दे."

सकाळ झाली, पण सांगायला सवड मिळाली नाही. शांताक्का उजाडताच मठात जाऊन चन्नय्या स्वामींना घेऊन आली. कल्याणप्पा ओट्यावर कोवळ्या उन्हात बसले होते. पूजा झालेली, कपाळावर भस्म, गळ्यात डबी. पहाटेच ती जागच्या जागी गेली होती. स्वामींना बघून ते उठले, वाकून शरणार्थ केला, मल्लिनाथला घोंगडं टाकायला सांगितलं. सगळं कसं नीट, पूर्वीसारखं.

शांताक्काने काल पाहिलेलं सांगितलं. कल्याणप्पा शांतपणे ऐकत राहिले आणि मग हसले.

"काय तरी बोलू नगंस, शांता. डबी माझ्या गळ्यात हाय की. म्या कशाला उतरवीन? स्वामी, आट वर्साचा हुतो तवापास्नं हे एक दिस अंगावेगळं न्हाय. ज्या दिशी व्हईल त्या दिशी अन्न बंद. महानंदा, सांग गं हिला."

त्यांनी सुनेकडे पाहिलं. विश्वासाने पाहिलं, हेच वाईट होतं.

महानंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. मामा, तुम्ही रोज संध्याकाळी आपल्या हाताने लिंग काढून टाकता. पण ते ऐकल्यावर हा माणूस काय करील, हे तिला सकाळच्या उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं. तो म्हणेल, मग महिनाभर मी खाल्लं कसं? आणि ताट सरकवील ते सकाळचंही, संध्याकाळचंही, कायमचं.

"म्या काढून घेतली हुती," ती म्हणाली. "मामा झोपले हुते तवा. चांदीची हौस वाटली. पहाटं परत घातली."

मल्लिनाथ खाली बघायला लागला. कल्याणप्पांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"अगं, मागायचं हुतंस," ते म्हणाले. "म्या दुसरी करून दिली नसती का?"

चोरटे, चोरटे म्हणून रोज ऐकलं होतं तिने. त्याचं काही वाटलं नव्हतं. हे मात्र तिच्या काळजात गेलं, कारण हे बोलणारा शुद्धीवर होता.

स्वामींनी सांगितलं, पंधरा दिवस चुलीपाशी जायचं नाही, सासऱ्याच्या ताटाला हात लावायचा नाही. महानंदा परसातल्या छपरात राहायला गेली. शांताक्का म्हणाली, "म्या हाय. बापाचं बगायला लेकीपरीस कोण?"

पहिल्या संध्याकाळी छपरात बसून महानंदाला आतलं सगळं ऐकू येत होतं. कल्याणप्पांचा आवाज चढत होता. "तू कोण गं? माझ्या घरात कशी शिरलीस? माझं लिंग दे." शांताक्का आधी समजावत होती, मग ओरडत होती, मग रडत होती. "अप्पा, म्या शांता. तुमची शांता." दुसऱ्या संध्याकाळी भांडं आपटल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवसापासून सकाळची अर्धी भाकरीही परत यायला लागली. अंगात त्राण नसलं की सकाळसुद्धा संध्याकाळसारखी होते. महानंदा ऐकत होती. आत जाऊन सांगावं असं शंभरदा वाटलं तिला. पण चोराने सांगितलेलं कोण मानणार? शांताक्काचं शांताक्काला दिसू दे, असाही एक राग तिच्या पोटात होता. नव्हता असं कशाला म्हणायचं?

चौथ्या दिवशी उन्हं उतरताना शांताक्का छपराशी येऊन उभी राहिली. हातात वाढलेलं ताट तसंच होतं. केस सुटलेले, गालावर ओरखडा.

"वैनी, तू काय करत हुतीस?" तिने विचारलं. "काय करत हुतीस की ते जेवत हुते?"

महानंदा उठली. आत गेली. कल्याणप्पा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसले होते, एक हात गळ्याशी चाचपत. तिने आपल्या गळ्यातली पुरचुंडी सोडून त्यांच्या गळ्यात बांधली. त्यांनी डबी उतरवून तिच्या हातात दिली, तिने ती स्वतःच्या गळ्यात घातली.

"कुठं गेलतीस, अव्वा?" कल्याणप्पा म्हणाले. त्यांचा आवाज थकला होता. "म्या कवाधरनं वाट बगतोय."

तिने घास भरवला. त्यांनी खाल्लं. शांताक्का खांबाला टेकून बघत होती. ते झोपल्यावर तिने वहिनीसमोर ताट ठेवलं.

"मला चालत न्हाय," महानंदा म्हणाली. "सकाळी."

"कवापास्नं?"

"आखाडापास्नं."

शांताक्काने ताटावर दुसरं ताट झाकलं. स्वतःसाठी वाढून घेतलं नाही. दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. मग शांताक्का म्हणाली, "सकाळी अप्पास्नी सांगते म्या. स्वामीस्नीबी सांगते."

"न्हाय, अक्का. अप्पास्नी कळलं तर ते अन्न सोडतील. आन् गावात एकाला कळलं की त्येंच्या कानावर जाईलच."

"मग तुझ्या नावाचं काय?"

"ऱ्हाऊ दे तसंच."

तसंच राहिलं. पंधरा दिवसांची शिक्षा कशी संपली, ते शांताक्काने कुणाला विचारू दिलं नाही. पोळा करून ती जळकोटला गेली. जाताना भावाला तेवढं सांगून गेली. मल्लिनाथ दुसऱ्या दिवसापासून नळदुर्गाहून लवकर यायला लागला, बापाला हात धरून अंगणात फिरवायला लागला. याहून जास्त त्याला जमत नव्हतं.

पण महानंदाच्या सकाळी गेल्या त्या गेल्याच. कल्याणप्पांना संध्याकाळचं काही आठवत नसे, सकाळचं मात्र सगळं आठवे. ती न्याहारी ठेवायची, ते डबीवर हात ठेवून मान वळवायचे. "पोरी, तू खाल्लंस का?" हे पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही. संध्याकाळी तोच माणूस तिला आई म्हणायचा आणि तिच्या हातून जेवायचा. आपण सकाळी त्यांच्या लेखी चोर आहोत, याचं तिला शेवटपर्यंत दुःख होतं. रात्रीच्या उपाशी पोटापेक्षा जास्त होतं.

दसऱ्याच्या अलीकडे, एका संध्याकाळी, भाकरी आणि दूध खाऊन झाल्यावर कल्याणप्पा आडवे झाले. "अव्वा, दिवा ऱ्हाऊ दे," म्हणाले. मग उठले नाहीत.

सकाळी त्यांना आंघोळ घालून, भस्म लावून, भिंतीला टेकवून पूजेला बसल्यासारखं बसवलं. घर माणसांनी भरलं. शांताक्का जळकोटहून आली. चन्नय्या स्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवायला कल्याणप्पांच्या गळ्याशी हात नेला आणि थांबले. हातात कापडाची पुरचुंडी आली होती, खणाच्या तुकड्याची. त्यांनी मान वर केली. महानंदाच्या गळ्यात चांदीची डबी होती.

मागे बायकांत कुजबुज झाली. "पुन्ना घेतली बगा. मेल्यावरबी सोडली न्हाय."

महानंदा पुढे आली. तिने गळ्यातली डबी काढली आणि स्वामींच्या पुढे धरली.

"ही त्येंची. त्येंनी सांगितलं हुतं, बरुबर जाईल म्हणून."

"आणि हे?"

"हे माझं."

"संध्याकाळचं त्येस्नी हेच वळखू येत हुतं, स्वामी," शांताक्का मोठ्याने म्हणाली, मागच्या बायकांकडे बघून. "हे गळ्यात आसंल तरच जेवायचे. हिनं दिलं. आखाडापास्नं रातचं ही जेवलेली न्हाय. चोरी केली म्हणली ते खोटं. अप्पास्नी कळू नये म्हणून."

स्वामींनी ती पुरचुंडी महानंदाच्या पुढे केली. "घे. तुझं तुला."

महानंदाने कल्याणप्पांकडे पाहिलं. आता सकाळ होती. पण संध्याकाळ व्हायचीच होती, आणि तिथे ती नसणार होती.

"ऱ्हाऊ दे त्येंच्याकडं," ती म्हणाली. "दिवं लागल्यावर हुडकतील."

स्वामींनी डबी कल्याणप्पांच्या गळ्यात बांधली आणि पुरचुंडी डाव्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. मग महानंदाला म्हणाले, "उद्या सकाळी मठात ये. नवं बांधू. तोवर काही खायचं नाही, ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय, स्वामी."

माती देऊन माणसं परतली तेव्हा दिवस कलला होता. शांताक्का आत पडून होती. मल्लिनाथ ओट्यावर बसला होता. खंडोबाचा नगारा झाला. महानंदाने चिमणी लावली, काच बसवली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

तिचा हात गळ्याशी गेला. बोटांनी चाचपलं, एकदा, मग पुन्हा एकदा, मानेच्या मागेपर्यंत. मल्लिनाथने दारातून ते पाहिलं आणि तो उठून आत आला.

"तू काय खाल्लंस का?" त्याने विचारलं. मग त्याचं त्यालाच आठवलं, आणि तो तिच्याजवळ खाली बसला.